गल्लीतला एक

सोमवारी सकाळी नऊ वाजता मी ०.४६ होते. नऊ वाजून दहा मिनिटांनी ०.८७ झाले.

मधल्या दहा मिनिटांत मी काहीही केलं नव्हतं. चहाचा कप टेबलावर ठेवला, खुर्ची पुढे ओढली, एवढंच. आदल्या दिवशीही वावगं काही घडलं नव्हतं. चर्चमध्ये मिस्सेला गेले, दुपारी सुक्या बोंबलांचं कालवण केलं, वासाने अर्धी गल्ली हैराण केली, मुलीशी फोनवर बोलले. तरी आकडा चढला.

मी पालोमा काउंटीच्या निवडणूक कचेरीत काम करते. काउंटी म्हणजे आपल्याकडचा तालुका समजा, फक्त माणसं कमी आणि आभाळ जास्त. अमेरिकेच्या या दक्षिणेकडच्या राज्यात अशा एकसष्ट काउंट्या आहेत. दर सोमवारी नऊ वाजता त्या एकसष्टांचा एक तक्ता निघतो: कुठल्या काउंटीत अठरा वर्षं पूर्ण झालेले, म्हणजे मतदानाच्या वयाचे, हिस्पॅनिक लोक किती. ज्यांचं कूळ मेक्सिकोतलं किंवा त्याच्या खालच्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतलं, ते हिस्पॅनिक. त्या सोमवारी आमच्या काउंटीत ते ४,३१८ होते. त्यांच्यातली एक, सत्त्याऐंशी टक्के खात्रीने, मी होते.

मी, रेमेत इनास मच्याडो. माहेरची डाबरे. गाव वसई तालुक्यातलं, घर चर्चपासून चार पावलांवर.

पोर्तुगीज आमच्याकडे आले, त्यांनी आम्हाला देव दिला, आडनावं दिली आणि ते गेले. देव आम्ही मनापासून सांभाळला. आडनावांकडे कोणी फारसं बघितलं नाही. आमच्याकडचे मच्याडो मराठीत भांडतात, केळीला पाणी देतात आणि लग्नात मैद्याचे फुगे तळतात. इथे मात्र मच्याडो म्हटलं की समोरचा घडाघडा स्पॅनिश सुरू करतो. बावीस वर्षं मी हसून मान हलवत आले. त्या मान हलवण्याचं कोणी काही मनावर घेईल असं मला कधी वाटलं नाही.

हा तक्ता मुळात चांगल्यासाठी होता, हे सांगायला हवं. पूर्वी दहा वर्षांनी एकदा माणसं दारोदार जाऊन विचारायची, तुम्ही कोण? लोक सांगायचे. त्यावरून ठरायचं की मतपत्रिका स्पॅनिशमधूनही कुठे छापायची आणि आपला प्रतिनिधी निवडून आणण्याइतके हे लोक कुठल्या मतदारसंघात आहेत. ज्यांना कोणी मोजत नव्हतं, त्यांना मोजायचं, असा त्यामागचा सद्हेतू होता. पुढे कोणीतरी म्हणालं, लोक घाबरून दारच उघडत नाहीत, मग विचारायचं कशाला? त्याऐवजी यंत्र बसवलं. त्याचं सरकारी नाव एका ओळीत मावत नाही. मी त्याला चाळणी म्हणते.

चाळणी दोन गोष्टी बघते. पहिली म्हणजे सांडपाणी. प्रत्येक गल्लीची ड्रेनेजची पाइपलाइन मोठ्या लाइनला मिळते, तिथे बोटाएवढा एक सेन्सर आहे. माणसाच्या आतड्यात अब्जावधी जिवाणूंची वस्ती असते, आणि लहानपणापासून तुम्ही काय खाल्लंत त्यावर ती ठरते. चुन्याच्या निवळीत उकडलेला मका खात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या माणसांच्या पोटातली वस्ती वेगळी असते, गव्हावर वाढलेल्यांची वेगळी. सेन्सर पाण्यातून ती ओळखतो आणि सांगतो, या गल्लीत असे प्रौढ इतके. कोण, ते त्याला कळत नाही. फक्त किती, ते कळतं.

दुसरी गोष्ट आडनाव. गल्लीत एक आहे असं पाण्याने सांगितलं, की चाळणी तो एक घराघरांत वाटते. ज्याचं आडनाव तसं, त्याला मोठा वाटा. बाकीच्यांना चिमूटभर. सगळ्यांचे वाटे मिळून बरोबर एक व्हायला हवेत.

आमच्या गल्लीत पाच घरं आहेत. पाणी म्हणत होतं, एक.

तो एक इतके दिवस आम्हा नवरा-बायकोंत वाटला जात होता. इनासला ०.४७, मला ०.४६. आम्ही जेवताना हसायचो. अर्धा मेक्सिकन तू, अर्धी मी, मिळून एक पूर्ण माणूस! कारण आकडा ०.८०च्या खाली असला की काही होत नाही. ०.८०च्या वर गेला की पडताळणी. पाण्यातली माणसं मतदारयादीतल्या माणसांपेक्षा जास्त भरतात, तेव्हा जास्तीचे कोण ते शोधून काढा, असा नवा कायदा सांगतो. पडताळणी म्हणजे तुमचं नागरिकत्व जन्मापासून उकरायचं. शाळेची बस चालवणारे रेंतेरिया त्यासाठी एका बुधवारी गेले. या काउंटीत त्यांचे पणजोबा जन्मले होते. तीन महिने झाले, त्यांच्या अंगणात गवत गुडघ्याएवढं वाढलंय.

मी इनासला फोन लावला. तो हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे.

"इनास, तू काडी दिलीस का?"

"शुक्रवारी. का गं?"

"मला सांगितलं नाहीस."

"त्यात सांगण्यासारखं काय? पॉइंट चारच्या वर असेल त्याने द्या, असं आमच्या हॉस्पिटलात म्हणाले. कापसाची काडी गालाच्या आतून फिरवली, दोन मिनिटं. त्यावरून कूळ कळतं. माझं शून्य झालं, एकदम साफ."

"तुझं शून्य झालं आणि माझं सत्त्याऐंशी झालं."

फोनमध्ये मागे कुठलंतरी मशीन गरगरत होतं.

"मग तू पण दे," तो म्हणाला. "आपण नाही आहोत ना ते? मग घाबरायचं कशाला?"

खरंच की. आम्ही नव्हतोच. मी दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ घेतली आणि थंड झालेला चहा पिऊन टाकला. नोटीस पोस्टाने आली तेव्हा ती फ्रिजवर चिकटवून ठेवली. दहा दिवसांत काडी द्या, नाहीतर सगळे कागद घेऊन हजर व्हा, असं तिच्यात होतं.

मंगळवारी गल्लीवार याद्या छापून कपाटात लावण्याचं काम माझ्याकडे होतं. एरवी मी त्या वाचत नाही. त्या दिवशी आमची गल्ली आली तशी वाचली. मच्याडो इनास, शून्य. मच्याडो रेमेत, ०.८७. व्हिटलॉक सोकोरो, ०.११. उरलेली तीन घरं मिळून ०.०२.

सोकोरोचे गेल्या आठवड्यात ०.०६ होते.

मुंबईला संख्याशास्त्रात एमएस्सी केलं, त्याचा या कचेरीत कधी उपयोग झाला नव्हता. कॉम्प्युटरवर काही करून बघितलं तर त्याची नोंद राहते, म्हणून एका रद्द मतपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीने त्रैराशिक मांडलं. इनास बाहेर पडला, त्याचा वाटा बाकीच्यांवर पडला. आता मी बाहेर पडले तर उरतात ०.११ आणि ०.०२. त्यांचा मिळून एक व्हायला हवा. म्हणजे ०.११ भागिले ०.१३.

०.८५.

मी ते तीनदा केलं. तिसऱ्यांदा पेन्सिलीचं टोक मोडलं. मग कागद बारीक फाडला, तुकडे पर्समध्ये टाकले, आणि काडी द्यायला गेले नाही.

सोकोरो आमची शेजारीण. सदुसष्ट वर्षांची, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. कॉय व्हिटलॉक नावाच्या गोऱ्या माणसाशी लग्न केलं, तो वारला, आडनाव राहिलं. त्या आडनावाखाली ती चाळणीला कधी दिसलीच नव्हती. गल्लीतला एक खरा कोण, हे मला ठाऊक असायला हवं होतं. वीस वर्षं मी तिच्या हातचं खात होते. पण आपल्या माणसाकडे आपण असं कधी बघतो का?

आमची एल्विना जन्मली तेव्हा वसईहून कोणालाच व्हिसा मिळाला नाही. बाप्तिस्म्याला बाळ धरायला माणूस नव्हतं. सोकोरोने धरलं. ती एल्विनाची धर्ममाता झाली, आणि तेव्हापासून ती मला कोमाद्रे म्हणते. मुलाची आई आणि धर्ममाता या दोघी एकमेकींच्या कोमाद्रे, असं त्यांच्याकडे नातं लागतं. आमच्यातही धर्ममाता असते, पण त्या दोघी बायकांच्या आपसातल्या नात्याला एवढा घट्ट शब्द मला माहीत नाही.

सोकोरो इथलीच. सीमेवरच्या नदीच्या अलीकडच्या गावात, घरी, सुईणीच्या हातून जन्मलेली. त्या सुईणीने पुढे कबूल केलं की नदीपलीकडच्या मुलांचे दोन-चार जन्मदाखले तिने खोटे लिहिले होते. कुठले ते न सांगताच ती वारली. तेव्हापासून तिच्या सहीचा प्रत्येक दाखला संशयाचा. सोकोरोकडे दुसरा कागद नाही. मत मात्र तिने पंचेचाळीस वर्षं दिलंय, दर वेळी, चांगले कपडे घालून. पडताळणीत तिचा निभाव लागणार नव्हता. रेंतेरियांचा लागला नाही, त्यांच्याकडे तर पणजोबा होते.

संध्याकाळी मी इनासला सगळं सांगितलं. तो भाकरी मोडत होता. मोडायचा थांबला.

"आपण तिचं नाव घेतोय का कुठे?" तो म्हणाला. "आपण फक्त आपल्याबद्दल सांगतोय. आणि खरं तेच सांगतोय."

"तू पण फक्त तुझ्याबद्दलच सांगितलं होतंस, इनास."

त्याने ताट सरकवलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला. तिकडे सोकोरोच्या दोरीवर टॉवेल वाळत होते.

"बरं, नको देऊस काडी," तो म्हणाला. "मग कागद घेऊन जावं लागेल. तुझ्या तारखेचं काय?"

आमच्या घरात ही गोष्ट आजवर विनोदाची होती. माझी जन्मतारीख १ जून आहे आणि ती खरी नाही. गावातल्या शाळेत आईने मला नेलं तेव्हा गुरुजींनी दाखला बघितला नाही. उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगितला. कान हाताला लागला. "झाली सहा वर्षांची," म्हणाले आणि लिहिलं, १ जून. वर्गातल्या बावीस जणांचा वाढदिवस १ जूनला यायचा. पुढे दहावी, पासपोर्ट, व्हिसा, सगळीकडे तीच तारीख चढत गेली. नागरिकत्वाच्या अर्जावर मी ती शपथेवर लिहिली. बाप्तिस्म्याच्या वहीत मात्र फादरनी खरी लिहून ठेवली होती, १४ सप्टेंबर. त्या जुन्या वह्या गेल्या वर्षी स्कॅन होऊन इंटरनेटवर आल्या, वंशावळ शोधणाऱ्यांच्या सोयीसाठी. आम्ही दोघांनी माझं पान उघडून बघितलं होतं आणि हसलो होतो.

"शपथेवर खोटं," इनास म्हणाला. "नागरिकत्व काढून घेतात त्यावर. रेमेत, सोकोरो आपली आहे, मला मान्य आहे. पण एल्विना आहे. घर आहे. मी वाईट माणूस नाही."

"मला माहीत आहे."

"मला भीती वाटते गं."

सव्वीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला तर त्याच्याहून जास्त वाटत होती.

शनिवारी सोकोरो मागच्या दाराने आली, नेहमीसारखी, न ठोठावता. हातात पातेलं. मक्याच्या पिठाचे, मक्याच्याच पानात गुंडाळून वाफवलेले तमाले. पातेलं ओट्यावर ठेवलं आणि चष्मा लावून फ्रिजवरची नोटीस वाचली.

"तू मेक्सिकन कधीपासून झालीस?" ती हसायला लागली. "भात खाऊन खाऊन?"

मी हसले नाही. तिने चष्मा काढला.

"इनासची पण आहे नोटीस?"

"त्याचं शून्य झालं. त्याने काडी दिली."

"आणि मग तुझं वाढलं." तीस वर्षं तिने रोज चारशे मुलांची ताटं मोजली होती. तिला पेन्सिल लागली नाही. ती खुर्चीवर बसली. "म्हणजे गल्लीत एक आहे."

"हो."

"आणि तो मी आहे."

मी तिच्यासमोरची खुर्ची ओढून बसले.

"मग मी जाते. पुढच्या काउंटीत बहीण आहे माझी, तिच्याकडे राहते."

"तू गेलीस की गल्लीच्या पाण्यातला एक जाईल. आठवड्यात त्यांना कळेल की घर कुणाचं रिकामं झालं."

"मग तमाले बंद करते. पाव खाते."

"पोटातली वस्ती सदुसष्ट वर्षांची आहे, सोकोरो. पावाने लगेच हलणार नाही. आणि हलली तरी यंत्राला दिसेलच, काहीतरी हललं म्हणून."

"म्हणजे मी जायचं नाही," ती सावकाश म्हणाली. "खायचं नाही आणि उपाशीही राहायचं नाही."

"तू आहेस तशी राहा."

"आणि तू?"

मी काहीच ठरवलं नव्हतं. ठरवलं होतं असं आज सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण खरं सांगते, त्या वेळी माझ्या मनात आलं होतं की हिला काही कळलंच नसतं, आणि सोमवारी जाऊन गुपचूप काडी देऊन टाकली असती, तर किती सोपं झालं असतं.

"काडी दे, कोमाद्रे," सोकोरो म्हणाली. "तुला मुलगी आहे."

"तुलाही तीच आहे," मी म्हटलं.

ती उठली, दोन तमाले सोलले, एक माझ्यापुढे ठेवला. आम्ही खाल्ले. दोघींपैकी एकीलाही चव लागली नसावी.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. मंगळवारी गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी आली. दोन माणसांनी मॅनहोलचं झाकण उचललं आणि त्यांतला एक आत उतरला. वरचा माणूस हातातल्या स्क्रीनवरून एकेका घराकडे बघत होता. सोकोरो अंगणात झाडांना पाणी घालत होती, कोणी बघत नसल्यासारखी, मान ताठ ठेवून. पाइपातलं पाणी कधीच संपलं होतं. तरी ती पाइप धरून उभी होती आणि मी पडद्याआड उभी होते. घरातला फ्लश ओढायचीही मला भीती वाटली. वेडेपणाच, माझ्या पोटातल्या बोंबलांशी त्या माणसांना काय करायचं होतं? अर्ध्या तासाने झाकण बसवून ते गेले.

पडताळणी गुरुवारी होती, दोन तासांवरच्या गावात. पूर्वी तिथे गाद्यांचं दुकान होतं, भिंतीवर अजून ढगांचं चित्र होतं. इनास गाडी चालवत आला. त्याला आत सोडलं नाही. मी प्लॅस्टिकचं फोल्डर छातीशी धरून गेले. त्यात प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स होत्या, आपल्या माणसांच्या असतात तशा.

तपासनीस बाई तिशीची होती, नाव हॅडली. तिला सर्दी झाली होती. तिने मला पाणी दिलं, प्रवास कसा झाला विचारलं. ती खेकसली असती तर मला कमी भीती वाटली असती.

"जन्मतारीख?"

"एक जून."

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. पिवळट पान, तपकिरी शाई, आमच्या फादरचं तिरकं अक्षर. माझ्या आईचं नाव, बाबांचं नाव. १४ सप्टेंबर.

"हे तुम्हीच का?"

ते पान मी घरी हसत बघितलं होतं. तिथे हसू आलं नाही. मी हो म्हटलं. मग मी तिला गुरुजींची गोष्ट सांगितली, कान धरायची. तिला मजा वाटली. तिने स्वतःचा हात डोक्यावरून घेऊन कान धरून बघितला.

"छान गोष्ट आहे," ती म्हणाली. "पण अर्ज शपथेवर होता, मिसेस मच्याडो."

मी तिने दिलेलं पाणी प्यायले.

"हे बघा." ती पुढे झुकली आणि आवाज खाली आणला. खरंच माझं भलं व्हावं असं तिला वाटत होतं. "तुम्ही त्या लोकांपैकी नाही. ते मला तुमच्याकडे बघूनच कळतंय, यंत्राला नसेल कळत. काडी दिलीत की ही फाइल बंद होईल. फाइल बंद, म्हणजे ही तारीखही बंद. ती मी पुन्हा उघडणार नाही. दोन मिनिटांत तुम्ही घरी जायला मोकळ्या."

तिने पाकीट फाडलं. कापसाची काडी बाहेर काढली. हात माझ्या चेहऱ्याजवळ आणला.

"तोंड उघडा."

बाहेर गाडीत इनास होता. एल्विनाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. मला वाटलं, देऊन टाकावी. कोण विचारणार होतं मला? सोकोरोने स्वतःच सांगितलं होतं, दे म्हणून. माझं तोंड उघडलंसुद्धा असेल थोडंसं. मग मला बाप्तिस्म्याच्या दिवशीचे सोकोरोचे हात आठवले, एल्विनाच्या डोक्याखाली धरलेले. फादरनी गार पाणी ओतलं तसं पोर किंचाळलं, आणि सोकोरोने मनगट वळवून पाण्याची धार आधी स्वतःच्या हातावर घेतली होती, म्हणजे पोराला कोमट लागावी.

मी तोंड मिटलं. दातांवर दात दाबले. बोलले तर तोंड उघडेल म्हणून नको असंही म्हटलं नाही. मान हलवली. आमची मान कशी हलते ते इकडच्या लोकांना कळत नाही, हो का नाही याचा घोळ होतो. म्हणून नीट, डावीकडे आणि उजवीकडे, दोनदा.

काडी थोडा वेळ तशीच हवेत राहिली.

"नकार दिला तर तो तुमच्याविरुद्ध पुरावा धरला जातो," हॅडली म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे ना?"

मी पुन्हा मान हलवली, या वेळी वर-खाली. तिने काडी कचऱ्याच्या डब्यात टाकली, नाक पुसलं आणि माझ्या फोल्डरमधून नागरिकत्वाचं प्रमाणपत्र काढून घेतलं. झेरॉक्स मला परत दिल्या.

गाडीत बसले तेव्हा इनासने माझ्या हातातल्या सपाट फोल्डरकडे बघितलं. त्याला सगळं समजलं. त्याने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तरी चाललं असतं.

"एल्विनाला मी सांगतो," तो म्हणाला. "तुझ्याच्याने व्हायचं नाही."

मग मी रडले, गाद्यांच्या दुकानासमोर, अगदी मोठ्याने.

सोमवारी नऊ वाजता मी घरी होते. पडताळणीत असलेल्या माणसाने याद्यांना हात लावायचा नाही, म्हणून कचेरीने मला येऊ नका सांगितलं होतं. नऊ वाजून दहा मिनिटांनी फोनवर पत्र आलं. सुनावणी १६ सप्टेंबर. त्याच्याखाली, नकार पुरावा धरून काढलेला, माझा नवा आकडा. ०.९९.

मी वजाबाकी केली. आमच्या गल्लीत बाकी सगळ्यांना मिळून उरला होता एक शतांश. सोकोरोचा वाटा त्यातलाच काहीतरी, दिसेल न दिसेल एवढा. मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. भीती कुठेही गेली नव्हती, तशीच बसून होती, पण तिच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं होतं.

मागचं दार वाजलं. सोकोरो या वेळी ठोठावून आली. मी फोन तिच्यासमोर धरला. तिने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला आणि पदर असता तर पदराने पुसतात तसा ब्लाउजच्या टोकाने पुसत राहिली.

"नव्व्याण्णव," ती म्हणाली. "मला स्वतःला कधी एवढे पडले नव्हते."

आम्ही दोघी हसलो. हसता हसता तिने माझा हात घट्ट धरला.

"ती दुसरी तारीख, वहीतली," तिने विचारलं. "इनास म्हणत होता. खरी कुठली?"

"चौदा सप्टेंबर."

"आणि मी वीस वर्षं तुला एक जूनला केक देतेय. बोलली नाहीस कधी?"

"केक चांगला असायचा."

तिने पत्रावरची सुनावणीची तारीख परत बघितली आणि बोटांवर मोजलं.

"दोन दिवस आधी येतो," ती म्हणाली. "या वर्षी बरोबर दिवशी करू."